पडदा कुठे होता?

गिरगावात ‘मॅजेस्टिक’ म्हटलं की ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे बोट वेगळ्या दिशेला जातं. विशीतली मुलगी जगन्नाथ शंकरशेट मार्गावरचं शॉपिंग सेंटर दाखवते. साठीतला वाचनवेडा माणूस पुस्तकांच्या दुकानाचा पत्ता सांगू लागतो.   माझी आई मात्र बोटच उचलत नाही. म्हणते, “कुठलं मॅजेस्टिक? ते पाडलं.”

मी गिरगावातली. तरी मॅजेस्टिक सिनेमा मी पाहिलेला नाही. मला कळू लागलं तेव्हा तिथे शॉपिंग सेंटरच होतं, आणि आईचं बोट धरून तिथे जायचं ते साडीला फॉल घ्यायला, शाळेच्या गॅदरिंगसाठी चमकी आणायला. त्या अरुंद बोळांतून फिरताना मी शेकडो वेळा अशा जागेवरून चालले असेन, जिथे १४ मार्च १९३१ रोजी, एका शनिवारी, भारतातल्या लोकांनी आपल्या भाषेत बोलणारा सिनेमा पहिल्यांदा ऐकला. ‘आलमआरा’ इथे लागला होता. हे मला शाळेतल्या कुणी सांगितलं नाही, पुस्तकातूनही कळलं नाही. आजीने सांगितलं.

आजीकडे त्या दिवसाची साद्यंत हकीकत होती. सकाळपासून रस्त्यावर माणसं, ट्राम पुढे सरकेना, पोलीस आले, चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं. शेजारच्या बिऱ्हाडातला कुणी एक सदरा फाटून घरी आला, पण तिकीट मिळवून आला. आणि आत पडद्यावरचा फकीर गायला लागला तेव्हा बायका रडल्या. आजी हे सांगताना हातातलं निवडणं थांबवायची. तिच्या आवाजात असा काही ठामपणा असे की मी लहानपणी मैत्रिणींना बेलाशक सांगत असे, माझ्या आजीने पहिला बोलपट पाहिलाय.

आजी गेल्यानंतर कधीतरी मी नुसतीच बेरीज करत बसले. आजी लग्न होऊन राजापूर तालुक्यातून बोटीने मुंबईला आली, भाऊच्या धक्क्याला उतरली, ती १९४१ साली. म्हणजे ‘आलमआरा’ लागल्यावर दहा वर्षांनी. त्या शनिवारी ती गावाला शेण गोळा करत असणार.

मला राग आला नाही, गंमत वाटली. नव्या सुनेला चाळीत नळ कधी येतो, दूधवाल्याचं खातं कुठे आहे, कुणाच्या सासूसमोर काय बोलायचं नाही, हे जसं ओटीत घातलं जात होतं, तशीच ही हकीकतही घातली गेली असावी. चाळीची आठवण होती, आणि चाळीत राहायला आलेल्याची ती आपोआप झाली. या लेखासाठी मी वर्षभरात जितक्या वृद्धांशी बोलले त्यांतल्या निम्म्याजणांनी तो दिवस “पाहिला” होता. एकाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता.

सगळं तिखटमीठ लावलेलं होतं असंही नाही. गर्दी खरी, पोलीस खरे, चार आण्यांचे चार-पाच रुपये खरे. थिएटरचे एक मालक अब्दुलअली युसुफअली यांनीच पुढे सांगितलं होतं की सकाळपासून लोटलेल्या गर्दीतून आम्हा मालकांनाच आत शिरायला मुश्किलीने वाट मिळाली. तेव्हा रांग लावायची पद्धत नव्हती. बुकिंगच्या खिडकीवर माणसं अक्षरशः तुटून पडायची.

या युसुफअलींवर एखादी कादंबरी लिहायला हवी होती. मराठीत ती कुणी लिहिली नाही, हे आपलं दुर्दैव. १९०१ ते १९०७ अशी सहा-सात वर्षं हा बोहरी तरुण सिनेमाचा तंबू घेऊन सिंगापूर, सुमात्रा, जावा, ब्रह्मदेश, सिलोन फिरत होता. शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद तंबू, आत हजारभर माणसं. तेव्हाच्या फिल्म एखाद-दोन मिनिटांच्या, फुटावर मोजून विकत मिळायच्या, दोरी घ्यावी तशा. एका खेळात असे चाळीस-पन्नास तुकडे दाखवायचे. कुठे बोअर युद्ध, कुठे राणी व्हिक्टोरियाची प्रेतयात्रा, मध्येच एखादी विनोदी धडपड. १९०८पासून तंबू हिंदुस्थानात फिरू लागला. १९१४ साली मात्र तो कायमचा गुंडाळला गेला, कारण त्याला मुंबईत एक भागीदार भेटला, अर्देशीर इराणी. पुण्यात जन्मलेला पारशी, वडिलांबरोबर वाद्यांचा आणि फोनोग्राफचा धंदा केलेला. लॉटरीत त्याला चौदा हजार रुपये लागले होते, आणि त्यातून तो सिनेमाकडे वळला, असं सांगतात. दोघांनी आधी अलेक्झांड्रा थिएटर घेतलं, आणि १९१८ साली गिरगावात मॅजेस्टिक बांधलं.

जागा त्यांनी उगाच निवडली नव्हती. सिनेमाचं खूळ गिरगावच्या अंगात आधीच भिनलेलं होतं. दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले, ते ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’ गिरगावातलंच. सरस्वतीबाईंना घेऊन ते तिथे गेले होते. पुढे याच बाईंनी रात्र-रात्र जागून कच्च्या फिल्मला भोकं पाडली. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी प्रथम लागला ३ मे १९१३ला, तोही सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. पहिला मूकपट आणि पहिला बोलपट यांच्यामध्ये अठरा वर्षं गेली. चालत गेलं तर त्यांच्यामधलं अंतर एका सिगारेटीचं. गिरगावकर हे सांगताना जरा जास्तच ताठ उभे राहतात, त्यांना माफ करावं.

आता ‘आलमआरा’. त्याच्याबद्दल जे छापून येतं ते बहुतेक आकड्यांचं असतं. सात गाणी, अठ्ठ्याहत्तर नट, आठ आठवडे. जाहिरातीतही अठ्ठ्याहत्तर मेलेली माणसं जिवंत झाल्याची फुशारकी होती. मला त्यात खरा रस वाटतो तो रेल्वेच्या गोष्टीत. इराणींचा इंपीरियल स्टुडिओ केनेडी ब्रिजपाशी, रुळांना लागून. मूकपट काढायचे तोवर कुणाला काही अडचण नव्हती. गाडी धडधडत गेली तरी पडद्यावर ती ऐकू थोडीच येणार? पण आवाज टिपायचा म्हटल्यावर दर काही मिनिटांनी जाणारी लोकल छातीवर बसली. त्या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. शेवटी गाड्या थांबतात तेव्हाच, रात्री एक ते पहाटे चार या वेळात बरंचसं चित्रण उरकलं गेलं. माइक झाडांत, कपड्यांत, सामानात लपवायचा. वाजवणारे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दडून बसलेले, पेटी-तबल्यावर. टॅनार नावाचं यंत्र होतं, त्यात चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर उमटायचे. म्हणजे नट चुकला तर आवाज तेवढा पुन्हा घेऊ, अशी सोय नाही; सगळंच पुन्हा. यंत्राबरोबर डेमिंग नावाचा अमेरिकन तज्ज्ञ आला होता, त्याचे दिवसाला शंभर रुपये. इराणींना ते परवडेनात. त्यांनी डेमिंगकडून शिकून घेतलं आणि आवाजाचं काम रुस्तुम भरुचांच्या मदतीने स्वतःच्या अंगावर घेतलं.

हे सगळं गुपचूप चाललं होतं. कलकत्त्याचे मादनही बोलपटाच्या मागे होते, त्यांचा ‘शिरीन फरहाद’ मेअखेरीस आला. मुंबईने अडीच महिन्यांनी बाजी मारली.

आणि माणसं तरी कोण कोण होती पाहा. दिग्दर्शक पारशी. कथा जोसेफ डेव्हिडच्या पारशी नाटकाची. संगीत फिरोझशहा मिस्त्रींचं. नायिका झुबेदा, सचिन संस्थानच्या नवाबाची आणि फातमा बेगमची मुलगी; फातमा बेगम म्हणजे हिंदुस्थानातली पहिली स्त्री दिग्दर्शक. फकिराचं गाणं वझीर मोहम्मद खानचं. एक तरुण पंजाबी नट होता, पृथ्वीराज कपूर. आणि नायक मास्टर विठ्ठल, आपला मराठी, मूकपटांतला हाणामारीचा राजा. त्याने शारदा स्टुडिओचा करार मोडला म्हणून खटला झाला, आणि त्याच्या बाजूने बॅरिस्टर जिनांनी वकिली केली. पडद्यावर मात्र त्या बिचाऱ्याची पंचाईत झाली. तलवार फिरवणं वेगळं, हिंदुस्तानी संवाद म्हणणं वेगळं. ‘विठ्ठलची जीभ वळेना’ हे त्या काळी सगळीकडे बोललं गेलं, आणि नायकाला बराच वेळ गुंगीत ठेवून निभावलं गेलं असं म्हणतात. बोलपट आला आणि बोलता न येणारा नायक अडचणीत आला. असं पुढे कितीकांचं झालं.

या माणसांनी मुगभाट, फणसवाडी, खोताची वाडी, कांदेवाडी असल्या अस्सल मराठी वस्तीच्या मधोमध उर्दूमिश्रित हिंदुस्तानी बोलपट लावला, आणि सगळं गिरगाव त्यावर तुटून पडलं. गिरगावची मराठी माणसं तेव्हा काय काय ऐकत होती हे यावरून कळतं.

ते दिवसही साधे नव्हते. तीनच महिन्यांपूर्वी, १२ डिसेंबर १९३०ला, शेजारच्या काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीखाली बाबू गेनू गेला होता. मार्चच्या पाच तारखेला गांधी-आयर्विन करार झाला. आणि ‘आलमआरा’चा दुसरा आठवडा चालू असताना, २३ तारखेला, लाहोरमध्ये भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली. आजीच्या हकीकतीत या गोष्टी कधी आल्या नाहीत. तिच्या फकिराच्या गाण्याला रडणाऱ्या बायका आठ आठवड्यांतल्या नेमक्या कोणत्या दिवशी रडल्या, आणि कशासाठी, हे तिला आता विचारता येत नाही.

मॅजेस्टिकच्या इतिहासात ‘आलमआरा’ने एवढी जागा अडवली आहे की पुढची गोष्ट झाकली जाते, आणि मला विचाराल तर ती अधिक गिरगावची आहे. वर्षभराच्या आतच, १९३२च्या फेब्रुवारीत, इथेच ‘अयोध्येचा राजा’ लागला. कोल्हापूरच्या प्रभातचा, शांतारामबापूंचा. आवाजाची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि तारामती दुर्गा खोटे.

दुर्गाबाई कांदेवाडीच्या. लाडांच्या घरातली मुलगी, सॉलिसिटर वडिलांची, शिकलेली. खोट्यांच्या श्रीमंत घरात दिलेली. घरावर आर्थिक संकट आलं म्हणून ‘फरेबी जाल’ नावाच्या चित्रपटात लहानसं काम केलं, आणि त्यावरून असं काही काहूर उठलं की तोंड दाखवायची चोरी झाली. तेव्हा सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने बघत होता ते सांगायला नको. त्यानंतर शांतारामबापूंनी बोलावलं, आणि ती बाई अयोध्येची राणी होऊन मॅजेस्टिकच्या पडद्यावर आली. कांदेवाडीतल्या ज्या घरांत तिच्या नावाने कुजबुज चालली होती, त्याच घरांतले लोक तिकिटं काढून तिला बघायला आले असणार, आणि तारामतीच्या हालांनी त्यांच्याच डोळ्यांना पदर लागले असणार. हे माझं अनुमान आहे, पण गिरगाव मला ठाऊक आहे. इथे माणसाला आधी नावं ठेवतात, मग त्याच्यावर हक्क सांगतात.

नियतीचा न्याय कसा असतो पाहा. ‘आलमआरा’ आज अस्तित्वात नाही. ‘अयोध्येचा राजा’ आहे. आपल्याकडे आज उरलेल्या बोलपटांतला तो सगळ्यात जुना. म्हणजे मॅजेस्टिकमध्ये वर्षभरात घुमलेल्या त्या दोन आवाजांपैकी एक पुसला गेला. दुसरा आपण आजही ऐकू शकतो, आणि तो मराठी आहे.

पहिल्याचं काय झालं? पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथले पी. के. नायर आयुष्यभर जुन्या रिळांच्या मागे वणवण हिंडले. ते ‘आलमआरा’साठी वृद्ध अर्देशीर इराणींकडेही गेले होते. घरात काही रिळं असतील, असं इराणी म्हणाले. नंतर नायरांना त्याच घरातून हळूच कळलं की ती रिळं चांदी काढून घेऊन केव्हाच निकालात काढली गेली. यात नवल काही नव्हतं. जुन्या नायट्रेट फिल्मवर चांदीचा अंश असायचा, ती धुऊन काढली की उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या व्हायच्या, बायकांच्या पर्सा व्हायच्या. शिवाय ती फिल्म भयंकर पेट घेणारी. घरात ठेवणं म्हणजे उशाला निखारा ठेवणं. नफ्याचा खेळ संपलेली रिळं कुणी कशाला जपावी? आपण आज हळहळतो, पण आपल्यापैकी कितीजणांनी आजोबांची पत्रं जपली आहेत?

तर सिनेमा गेला, आणि तो ज्या भिंतींमध्ये वाजला त्या भिंतीही गेल्या. उरलं नाव. पण नावाचीही एक गोष्ट आहे.

१९४२ साली केशवराव कोठावळे नावाच्या, गाठीला फारसं काही नसलेल्या तरुणाने मॅजेस्टिक सिनेमापाशी पुस्तकांचा स्टॉल टाकला. स्टॉलला नाव कोणतं द्यायचं? समोर एवढं मोठं नाव आयतं लावलेलं होतंच. ‘मॅजेस्टिक बुक स्टॉल’. सिनेमाला आलेली माणसं खेळ सुरू व्हायच्या आधी पुस्तकं चाळायची, आणि पुस्तकं चाळायला आलेली कधी कधी खेळाला जायची. ब्लॅकवाला, चणेवाला आणि पुस्तकवाला एकाच गर्दीवर जगत होते. त्यांतला पुस्तकवाला पुढे मराठी प्रकाशनव्यवसायातला मोठा माणूस झाला. स्टॉलचं दुकान झालं, दुकानाची प्रकाशनसंस्था झाली. जानेवारी १९६४मध्ये ‘ललित’ मासिक निघालं. त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची टोपी उडवायचे, आणि वसंत सरवट्यांनी त्या ठणठणपाळाला हातात हातोडा देऊन चेहरा दिला. दीनानाथ दलालांच्या पश्चात त्यांचा ‘दीपावली’ अंकही कोठावळ्यांकडे आला. पुढे पार्ल्याच्या मॅजेस्टिक गप्पा. १९८३ साली केशवराव गेले.

हा दिवाळी अंक हातात धरून बसलेल्या वाचकाला मला इथे एवढंच सुचवायचं आहे, की मराठी पुस्तकांवर आणि अंकांवर जे ‘मॅजेस्टिक’ आपण वर्षानुवर्षं वाचत आलो, ते एका सिनेमा थिएटरचं उसनं घेतलेलं नाव आहे. थिएटरने ते परत मागितलं नाही. मागायला ते उरलंच नाही.

हे घडलं कशामुळे? थिएटरं बंद पडली की आपण ठरलेले आरोपी उभे करतो. दूरदर्शन, मग व्हिडिओ, मग केबल, मग मॉल. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हाबद्दल किंवा दादरच्या कोहिनूरबद्दल हे म्हणता येईल. मिनर्व्हात १९७५च्या पंधरा ऑगस्टला लागलेला ‘शोले’ नियमित खेळांना तीन वर्षं आणि मॅटिनीला धरून पाच वर्षं चालला. ते मिनर्व्हाही शेवटी पडलं. कोहिनूरमध्ये १९७१ साली दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ लागण्यावरून शिवसेना रस्त्यावर उतरली होती. तिथे आता मॉल आहे. पुण्यात मंडईजवळचं १९१५ सालचं आर्यन १९८३ला गेलं आणि जागी वाहनतळ झाला, त्याचंही नाव आर्यनच. पण मॅजेस्टिकला हे आरोपपत्र लागू पडत नाही. घरोघरी व्हिडिओ यायच्या आधीच ते गेलं. गिरगावच्या भर रस्त्यावरचा, एवढा मोठा, मधून पोकळ असलेला जमिनीचा तुकडा! त्या पोकळीत दिवसातून तीन-चार वेळा अंधार करून माणसं बसवण्यापेक्षा तिचे शंभर गाळे केले, तर प्रत्येक चौरस फूट दिवसभर भाडं देतो. हिशोब सरळ आहे. दुष्ट म्हणावं असं त्यात कुणी सापडत नाही.

सापडावं अशी माझी इच्छा होती, हे कबूल करते. लेखाला बरं असतं.

त्या काळी “पहिल्या बोलपटाचं थिएटर वाचवा” म्हणून गिरगावात कुणी सभा घेतल्याचं माझ्याशी बोललेल्यांपैकी एकालाही आठवत नाही. सभा तर गिरगावात कशासाठीही व्हायची. शांताराम चाळीसारख्या जागांनी टिळकांपासूनच्या सभा पाहिल्या आहेत. पण थिएटर हे वारसा असतं ही कल्पनाच तेव्हा नव्हती. देऊळ, वाडा, किल्ला, फार तर ग्रंथालय. जिथे पिटात शिट्ट्या वाजतात, शेंगांची टरफलं पडतात, जिथे जायला मुलांना घरातून चोरून पैसे काढावे लागतात, ती जागा कसला वारसा? ऑपेरा हाउस वाचलं, १९९३ साली बंद पडून २०१६ साली नव्या रंगात उघडलं, कारण ते राजेशाही दिसतं. त्याला कमानी आहेत, झुंबरं आहेत. मॅजेस्टिकचं ऐश्वर्य होतं ते आवाजाचं, आणि आवाजाला पुरातत्त्व खातं नसतं.

आईच्या आठवणीत ‘आलमआरा’ नाही, दुर्गाबाई नाहीत. तिचं मॅजेस्टिक पन्नास-साठच्या दशकातलं. कोणता सिनेमा कधी पाहिला, हे विचारलं तर ती गोंधळते, तीन सिनेमांच्या गोष्टी एकत्र करते. पण तिकिटाचा कागद किती पातळ होता आणि डोअरकीपर तो कसा टर्रकन फाडायचा, ते ती हाताने करून दाखवते. बॅटरीचा उजेड पायांवर मारून खुर्ची दाखवणारा तो माणूस चाळीतल्या सगळ्या मुलांना नावाने ओळखायचा. त्यामुळे शाळा बुडवून जायची सोय नव्हती, आणि तरी जायचेच. बायका जेवणं आवरून दुपारच्या खेळाला जायच्या, डब्यात काहीतरी खायला. रीळ अडकलं आणि पडदा पांढरा झाला की पिटातून ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि बाल्कनीतले सभ्य लोक गालात हसायचे. आई पिटातली. “आपण कायम पुढे. मान वर करून बघायचं. आणि कितीही लवकर गेलं तरी पुढ्यात कुणाचं तरी डोकं.”

‘संत तुकाराम’ पाहायला आजी तिला सेंट्रल सिनेमाला घेऊन गेली होती, पुन्हा लागला तेव्हा. १९३६ साली पहिल्यांदा तो त्याच सेंट्रलमध्ये सत्तावन्न आठवडे चालला होता. तिथे बायका पडद्याला हात जोडायच्या. मॅजेस्टिकला कुणी हात जोडले नाहीत, आई म्हणते. “मॅजेस्टिक आपलं रोजचं होतं.”

मी शॉपिंग सेंटरमध्ये पुन्हा पुन्हा गेले ते एका क्षुल्लक प्रश्नासाठी. पडदा नेमका कुठे होता? इराणींचा तो आवाज कोणत्या बाजूने आला? लेसवाल्या तरुणाला विचारलं, हे नाव कशावरून पडलं. तो म्हणाला, “इंग्लिश आहे ना, बरं वाटतं.” दोन गाळे सोडून एक वयस्क गृहस्थ काउंटरवर बसले होते, त्यांना थिएटर माहीत होतं. “पडदा तिकडे, मागे, जिन्याच्या अंगाला,” त्यांनी सांगितलं. मी वही काढली. तेवढ्यात बाहेर ओट्यावर टेकलेले दुसरे आजोबा म्हणाले, “छे, छे. त्याला काय माहीत, तो नंतर आला. पडदा उजवीकडे.” दोघांची जुंपली. शेवटी दोघांचं एका मुद्द्यावर एकमत झालं, की मला चहा पाजायला हवा.

मग एका गुरुवारी आईला घेऊन गेले. सत्तरी केव्हाच उलटली तिची, गुडघे दुखतात. आता गिरगावातून जमिनीखालून मेट्रो जाते, त्या खोदकामाच्या वर्षांत तिने घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं होतं. कितीतरी दिवसांनी या रस्त्याला आल्यामुळे ती प्रत्येक दुकानासमोर थांबत होती. पणशीकरांकडे पियुष घेतलं. शॉपिंग सेंटरच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, फॉल घ्यायचाय, आलोच आहोत तर. फॉल घेतला. रंग जुळत नाही म्हणून बदलला. काचेच्या कपाटातल्या बांगड्या बघितल्या, प्लास्टिकच्या आहेत म्हणून खाली ठेवल्या.

“आई, पडदा कुठे होता गं?”

ती बोळाच्या मध्यावर उभी राहिली. लोक आजूबाजूने वाट काढून जात होते. तिने आधी मागे बघितलं, रस्त्याकडे. मग डावीकडे. मग काहीतरी मोजल्यासारखं केलं, ओठ हलले. हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि मान हळूहळू वर केली, गाळ्यांच्या पाट्यांच्या वर, ट्यूबलाइटच्या वर, जिथे नुसता रंग उडालेला गिलावा होता. समोर एक उंच मुलगा फोनवर बोलत उभा होता.

“जरा सरक रे बाळा,” आई त्याला म्हणाली, “पुढचं दिसत नाही.”